व्हॉल्व्हवरची नावं

बाबा, आज ऑफिसात माझं कौतुक झालं आणि दिवसभर तुमचीच आठवण येत राहिली. आपण भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीत राहायचो आणि तुम्ही त्याच सोसायटीचा पाण्याचा पंप चालवायचात. पंपाच्या खोलीत सात व्हॉल्व्ह होते आणि कोणता कुठल्या विंगचा, हे फक्त तुम्हाला ठाऊक. मी दहावीत असताना, एका दुपारी तुमचा डोळा लागलेला बघून मी, तुमच्याकडूनच ऐकलेलं आठवून, ऑइल पेंटने प्रत्येक व्हॉल्व्हवर विंगचं नाव लिहिलं. संध्याकाळी तुम्ही ब्लेड घेऊन सगळं खरवडून काढलंत. "उद्या वॉचमनच पाणी सोडील. मग मला कशाला ठेवतील?" एवढंच बोललात. मला तुमचा भयंकर राग आला होता.

दोन वर्षांनी तुम्ही हॉस्पिटलात आहात. इकडे कोणीतरी भलताच व्हॉल्व्ह फिरवलाय, बी विंगची टाकी वाहतेय आणि ए विंगला थेंब नाही. सेक्रेटरी कागद-पेन घेऊन खाटेपाशी उभे आहेत. "काका, ए विंग का कौनसा है?" तुम्ही मास्क बाजूला करून सांगताय, "बायें से तीसरा. लेकिन पहले नीचेवाला आधा बंद करने का." नर्स ओरडतेय आणि तुम्ही खूश दिसताय. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

मी सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवते, कंपन्यांचे ईमेल सांभाळणारं. ते बसवताना तिथल्या ॲडमिनला एक लांबलचक फाइल भरावी लागायची. ओळींचा क्रम चुकला की सगळं ठप्प, आणि का ठप्प झालं हेही कळायचं नाही. मग मला फोन यायचा. ती फाइल मीच लिहिली होती, त्यामुळे इतकी वर्षं फोन माझ्याकडेच येत राहिले. यंदा साहेब म्हणाले, सोपं करा. मी केलं, मन लावून केलं. आता साध्या भाषेत चारच प्रश्न विचारले जातात, बाकीचं ते स्वतः भरतं आणि चूक झाली तर नेमकी कुठे झाली ते दाखवतं. यानंतर माझं ऑफिसात काय काम उरणार, हा विषय कोणी काढला नाही. मीही विचारलं नाही.

आज पहिल्यांदाच एका ॲडमिनने ते एकट्याने बसवलं. फोन मीच केला.

"कधीच झालं मॅडम. एकदम सोप्पं केलंय तुम्ही."

"कुठे अडलं नाही?"

"नाय ओ."

"चौथ्या प्रश्नाला तरी?"

"नाय मॅडम, सगळं लिहिलेलंच आहे ना तिथे."

मी त्याला शाबासकी दिली, साहेबांनी मला दिली. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. तो फोन उचलेपर्यंत, त्याचं कुठेतरी अडलेलं असू दे, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.