श्वास घेण्याची जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, आणि गेली एकेचाळीस वर्षे आमच्या सिनेगॉगचा हझान, म्हणजे सभेपुढे उभा राहून प्रार्थना म्हणणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. परवा, बुधवारी, माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. जगलो तरी आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या मुलीला. जिन्याची चौथी पायरी करकरते. ती दुरुस्त करतो म्हणून मी वीस वर्षं सांगत आलो.

२. पटाश्या, करवती आणि कामाचं बाक माझ्या भागीदाराला. मोठा रंधा त्याने कधीच नेला आहे आणि तो अजून "उद्या आणतो" यातच आहे. तोही त्याचाच समजावा, पण एकदा आणून दाखवावा.

३. माझी प्रार्थनेची शाल जावयांना. ते पंखे दुरुस्त करतात. चाळिशी उलटल्यावर त्यांनी हझान व्हायचं मनावर घेतलं आणि तीन वर्षं रोज संध्याकाळी भुश्शात उभं राहून माझ्याकडून पाठ घेतला. गळा गोड आहे, काळीज सशाचं. म्हणणारा चुकला की बसलेल्यांनी तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करावं, ही आमची रीतच आहे. जावयांना कोणी टोकलं की त्यांची पुढची ओळच पुसली जाते. महिन्याभराने ते पहिल्यांदा उभे राहणार आहेत. मला ऑपरेशनपेक्षा त्या शनिवारची धास्ती जास्त आहे. त्याचं कारण खालील कलमात.

४. शनिवार सकाळच्या प्रार्थनेत एका ओळीच्या मधोमध मी थांबतो, आणि माझ्यामागून सगळी सभा थांबते. तिथे थांबायचं नसतं. मुलगी बारा वर्षांची असताना पुस्तक घेऊन आली होती.

"बाबा, इथे वाक्य मध्येच तुटतंय. तुम्ही का थांबता?"

"माझे गुरुजी थांबायचे म्हणून. तू मला शिकवू नकोस."

नंतर गुपचूप गुरुजींच्या पत्नीला विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना दमा होता. तिथे श्वास पुरायचा नाही."

म्हणजे मी गुरुजींचा दमा चालीचा भाग समजून घोटला आणि अख्ख्या सभेला लावला. पुस्तकं सगळ्यांच्या मांडीवर उघडी असतात, पण कानाला सवय लागली की डोळे पाहत नाहीत. कळल्यावरही मी दर शनिवारी थांबत राहिलो. लाज वाटली, दुसरं काही नाही. मुलीची माफीही मागितली नाही. ती इथे मागतो.

जावयांना ती ओळ मी सलग शिकवली आहे. ते म्हणाले, "पण बाबा, तुम्ही तर थांबता." मी म्हटलं, "माझं सोडा." आता ते बरोबर म्हणतील आणि सगळे त्यांनाच चूक ठरवतील. चूक माझी आहे, त्यांची नाही.

५. आमच्यात सर्वांत आधी टोकतात ते चष्म्याचे दुकानदार, आमचे चष्मेवाले. मला त्यांनी आजवर सतरा वेळा टोकलं. सोळा वेळा ते बरोबर होते, हे लिहून देतो. सतराव्या वेळेवरून मी त्यांच्याशी दोन वर्षं बोललो नव्हतो. त्यांना मुद्दाम साक्षीदार केलं आहे, म्हणजे हे वाचल्याशिवाय त्यांची सुटका नाही.

६. कलम चार माझ्या मृत्यूची वाट न पाहता त्या शनिवारपासून लागू होईल, म्हणून मुलीने आणि जावयांनी हे आधीच वाचावं. मी तिसऱ्या बाकावर बसेन. बोलता येणार नाही, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्ही लिहीत नाही, त्यामुळे चिठ्ठीही देता येणार नाही. कोणी टोकलंच, तर मी उठून उभा राहीन. मी उभा आहे तोवर जावयांनी पुढे म्हणत राहावं.

मी नसलो, तर मुलीने वर बायकांच्या सज्जात उभं राहावं. तिला पहिल्यापासून माहीत आहे.

ठिकाण: माझं कामाचं बाक. दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.

(सही) हझान

साक्षीदार पहिले, घशाचे डॉक्टर: लिहिणारे पूर्ण शुद्धीत आहेत. घाबरलेले आहेत, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही. (सही)

साक्षीदार दुसरे, चष्मेवाले: दोनदा वाचलं. सतराव्या वेळीही मीच बरोबर होतो. त्या ओळीला टोकणार नाही. मुलीला एकटीला उभं राहावं लागणार नाही. (सही)