कालचा बांगडा

आई, दादाचे डोळे पिवळे झालेत, तुझे झाले होते तसेच. त्याला परळला ॲडमिट केलंय आणि मी बाहेर बाकड्यावर बसून तुला लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला विचारू तेच कळत नाहीये. तुझ्यासारखंच त्याचंही लिव्हर सिरॉसिसने निबर झालंय आणि वर पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. अशा माणसाचं रक्त लवकर गोठत नाही, नळीचं तोंड कापलं तर ते थांबवणं कठीण, भुलीनेही लिव्हर आणखी बसू शकतं. खडा तसाच ठेवला तर पू होऊन विष रक्तात जाणार. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाल्या.

वीस वर्षांपूर्वी हेच सगळं तुझ्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तू खाटेवर बसून विचारलंस, "डॉक्टर काय म्हणतत गो?" मी म्हटलं, काही नाही, दुर्बिणीतून बघणार फक्त. तू पदर सारखा केलास आणि स्ट्रेचरवर चढलीस. खडा निघाला, रक्त काही थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

लालबागच्या खोलीत तू पंधरा जणांची खानावळ चालवायचीस. मासा शिळा असला की ताट मांडतानाच सांगायचीस, "कालचो बांगडो आसा, व्हयो तर घे." एकदा मी तसाच कालचा बांगडा वाढतेय, न सांगताच, आणि तू चुलीपाशी बसून बघतेयस. कोणाला काही झालं नाही, सगळे जेवून हात धुऊन गेले. तरी दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मग एवढंच म्हणालीस, "खाणाऱ्याक सांगूक व्हया. मगे तो काय ता ठरवतलो."

म्हणून आज दादाला मी सगळं सांगितलं. चित्र दाखवलं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "नको. आईचं बघितलंय मी. घरी ने मला." न कापता नुसती बारीक प्लास्टिकची नळी बसवता येईल, त्यात धोका कमी, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तेही सांगितलं. "कमी म्हणजे आहेच ना," म्हणाला आणि कूस बदलली. ताप चढतोय त्याला. तुला फसवलं तर तू गेलीस, आणि तुझं ऐकलं तर भाऊ हातचा जाईल. मग बरोबर काय होतं गं?

तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोलले नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. तू नको म्हणशील याची भीती होती, आणि मला तू बरी होऊन घरी हवी होतीस. हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवतेय, तुला पाठवणार तरी कुठे. आत्ता उठून दादाकडे जावं आणि सांगावं, मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं, आता काहीच धोका नाही म्हणाल्या, असं सारखं मनात येतंय.