पायाखालचा चेहरा

७ इमिश

पायाखालचा माणूस लगेच आखून द्या, असा दरबारातून निरोप. राजा अजून लढाईला निघालेलासुद्धा नाही! पण तेरा आहाऊला, आजपासून एकोणिसाव्या दिवशी, वीस वर्षांचं पर्व पालटणार. त्या दिवशी राजाच्या विजयाचा दगड चौकात उभा हवा, आणि दिवस काही कुणाच्या लढाईसाठी थांबत नाही. म्हणून आधी कोरायचं, मग जिंकायचं. इथली रीतच ती. आजवर खपून गेली.

दगडावर शाईनं मी आखते, तोक — माझा नवरा — गारगोटीच्या छिन्नीनं कोरतो. राजाचा मुकुट झाला, पिसं झाली. आता त्याच्या पायाखाली कैदी. कोण, ते निरोप्यानं जाता जाता सांगितलं. काब मो, नदीच्या वरच्या अंगाच्या गावचा नवा राजा.

माझा धाकटा भाऊ.

निरोप्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. नजर चुकवून गेला मेला.

८ इक

शाई खलली. शंखाच्या दौतीत ओतली. झाकून ठेवली.

९ अकबाल

सासूबाईंनी मक्याची पेज पुढ्यात आदळली. म्हणाल्या, पोरं झाली, केस पिकायला लागले, तरी हिचं माहेर काही सुटत नाही. मी म्हटलं, तुमच्या भावाला आखून दाखवा की. थोड्या वेळानं कोको घुसळून आणून दिला — सणासाठी ठेवलेला. ही बाई मला कधी कळायची नाही.

तोक वाद घालत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की तू नाही आखलंस तर दुसरं कोणी आखेल, आणि मग आपल्याला इथे कोण ठेवेल? खरं बोलला. म्हणूनच राग आला.

११ चिक्चान

राजा निघाला. होड्या, ढोल, पिसांच्या ढाली. सगळं गाव काठावर.

परतताना गुरुजी दिसले, नेहमीच्या ओट्यावर. एका हरलेल्या दरबाराचे लेखक ते. आमच्याच राजानं धरून आणलेले. हरलेल्या गावच्या एका तरी लेखकाची बोटं मोडायचीच, म्हणजे तिथल्या राजाचं नाव पुन्हा कोणी लिहायला नको. त्यांची बोटं झाडाच्या वाकड्या मुळ्यांसारखी झालीत. सासूबाई त्यांना रोज पेज भरवतात, वर टोमणेही मारतात.

त्यांनी विचारलं, आखलंस का पोरी? मी मान हलवली, नाही म्हणून.

"हात आहे तोवर आखून घे," म्हणाले.

१३ मानिक

आखलं.

गुडघ्यावर बसलेला, हात बांधलेले, कानातले मणी काढून तिथे कागदाच्या पट्ट्या — कैद्याला घालतात तशा. ठरवलं होतं, चेहरा कुणाचाही काढायचा. डोळा कुणाचाही झाला, नाकही झालं. कानाशी आले आणि हात आपला आपणच वळला. काब मोच्या डाव्या कानाची पाळी फाटकी आहे. लहानपणी पाळलेल्या पोपटानं ओढली होती, आणि आई धावत येईपर्यंत मीच ती चिमटीत दाबून धरली होती. तीच पाळी दगडावर उमटली.

ओलं फडकं हातात घेतलं. पुसवेना. मरायचंच असलं तर माझा भाऊ म्हणून तरी मरू दे त्याला.

३ ओक

तोक कोरतोय. घरात बसलं तरी ठोके ऐकू येतात. कान त्यानं सगळ्यात शेवटी घेतला, इतका हळू, की दगडाला दुखेल म्हणून जपतोय असं वाटावं. मला रडू आवरलं नाही.

६ बेन

बातमी नाही.

देवाकडे मागायचं म्हणून जिभेतून काट्यांचा दोर ओढला, रक्त कागदावर झेललं, तो कागद धुपावर जाळला. पण मागू काय? आमचा राजा जिंकला तर तेरा आहाऊला याच दगडापुढे भावाचा गळा. भाऊ जिंकला तर माझ्या पोरांचं गाव जाणार. कसंही झालं तरी जळणार माझंच. नुसती धुराकडे बघत बसले.

१० काबान

हिंगूळ लावून झाला. दगड चौकात उभा केला. लाल भडक. लोक म्हणतात, असा दगड झाला नाही. तोकला तेवढ्यातही बरं वाटलं, मला दिसलं ते.

१२ कावाक

दोन माणसं पळत आली. राजा पडला! उद्या काब मो इथे येणार. दरबारातले मोठे मोठे दुपारपर्यंत पसार. आम्ही कुठे जाणार? सासूबाईंना अंगण ओलांडवत नाही.

त्या एकच धरून बसल्या — दगडातलं ते तोंड फोडून टाका, त्यानं बघायच्या आत. तोकनं हातोडा उचललाही. मी दगडाला पाठ लावून उभी राहिले. दगडातलं तोंड फोडलं म्हणजे तो माणूस मारला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढ्या लढाईतून जिवंत आला, आणि त्याला मी मारू? चौकात?

"मग तो विचारेल, हे कोणी केलं," तोक म्हणाला.

मी म्हटलं, विचारू दे.

१३ आहाऊ

पर्व पालटलं. नदीवर शंख वाजतोय — आमचा नाही, माहेरचा. बाबांच्या वेळचाच सूर. काय सांगू, क्षणभर आनंद झाला!

४ कान

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर माझं मलाच लागत नाही.

काब मो दगडापाशी उकिडवा बसला. कानावरून बोट फिरवलं. कोणी केलं, विचारलं. तोक पुढे झाला. मी म्हटलं, कोरलं त्यानं, आखलं मी. भावाची माणसं बघत उभी होती. हरलेल्या गावची रीत — बोटं मोडायला लिहिणाऱ्याचा एक हात द्यावाच लागणार होता.

"ताई, गप्प बस," तो हळूच म्हणाला. पण मी बोलून चुकले होते. मग तो तोंड फिरवून उभा राहिला.

तोकचे हात शाबूत आहेत. सासूबाई पेज भरवतात. आधी गुरुजींना, मग मला.