शून्य कार्डांचं घर

१२ जानेवारी

काशिनोकीला पुन्हा शून्य! सलग दुसरा महिना. आमच्या अकरा वृद्धाश्रमांच्या यादीत सगळ्यात वर.

यादी माझी, डोकंही माझंच. कुणी पडता पडता वाचलं, चुकीची गोळी तोंडापर्यंत जाऊन परत आली, की काम करणाऱ्यानं लगेच कार्ड लिहायचं. जुनी पद्धत, कार्डं कपाटात धूळ खात पडायची. ऑक्टोबरपासून मी ती मोजायला लावली. ज्या घराची कार्डं कमी ते वर. यादी दर महिन्याला प्रत्येक घराच्या भिंतीवर.

नोगामी-सान आज सगळ्यांसमोर म्हणाले, "पूर्वी आकडेवाली माणसं कोपऱ्यात बसून तक्ते काढायची. आता तोगाशी-सान माझ्या शेजारी बसून वाट दाखवतात." अध्यक्षांच्या तोंडून हे! दिवसभर जमिनीला पाय लागले नाहीत.

१८ जानेवारी

मिनातोचे प्रमुख इसोबे-सान, त्यांचा फोन. समुद्राकाठचं त्यांचं घर यादीत शेवटचं — ४६ कार्डं.

"काय हो आकडेवाल्या बाई, आम्ही पुन्हा ढ?"

म्हटलं, "कार्डं कमी करा ना मग."

"कार्डं कमी करू का पडणं कमी करू? एक काय ते सांगा." आणि फोन ठेवला! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बोलायची काही रीत?

२४ जानेवारी

मिनातो एप्रिलपासून बंद करायचं म्हणतात नोगामी-सान. एकोणतीस म्हातारी माणसं इतर घरांत विखरायची. कागद तयार आहे, मंजुरी फेब्रुवारीच्या बैठकीत. "मी कुठं ठरवतोय? तुमची यादीच सांगतेय."

वाईट वाटलं. पण आकडे आकडे असतात.

३ फेब्रुवारी



प्रशस्तिपत्र घेऊन काशिनोकीला गेले. जानेवारीतही शून्य, म्हणजे तीन महिने झाले. राक्षसाला पळवून लावायला दाणे फेकायचा सणाचा कार्यक्रम चालला होता. स्वयंपाक्यानं राक्षसाचा मुखवटा घातलेला, आज्या खिदळत त्याच्यावर दाण्यांचा मारा करत होत्या. माझ्या शेजारी त्सुजी आजी, वय अठ्ठ्याऐंशी. दाणे टाकायला हात उचलला तर मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं!

"पडलात आजी?"

"छे गं! पडायच्या बेतात होते. रात्री मोरीत जाताना कठड्यावर आपटला." मग माझ्या कानाशी येऊन, "बोलू नकोस हं कुठं. हल्ली आम्ही मदतीची घंटाच वाजवत नाही. आपलं आपण उठायचं. इथल्या मुली इतक्या राबतात, आमच्यापायी त्यांचा पहिला नंबर जायला नको."

आम्ही! म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मुलींची मान खाली जाऊ नये म्हणून अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई अंधारात एकटी मोरीत जाते!

कुवानो-सान तिथल्या प्रमुख. त्यांना विचारलं. त्या कमरेतून वाकल्या आणि किती तरी वेळ वर आल्याच नाहीत. प्रशस्तिपत्र पिशवीतच राहिलं.

४ फेब्रुवारी

करायला गेले काय आणि झालं काय. मी अपघात मोजतच नव्हते. माणसं किती घाबरलीत ते मोजत होते.

७ फेब्रुवारी

मिनातोला जाऊन आले. इसोबे-साननी माशाची गरम आमटी पुढं ठेवली. मी माफी मागितली तर म्हणतात, "आधी खा. रिकाम्या पोटी माफी मागू नये." त्यांची कार्डं एकेक वाचली. एका कार्डामुळं मोरीतला दिवा बदललाय, दुसऱ्यामुळं पलंगाची उंची. वर्षभरात एकही हाड मोडलं नाही. आणि हे घर मी शेवटच्या नंबरावर टाकलं!

१४ फेब्रुवारी

बैठकीत कुणाला अचानक धक्का द्यायचा नाही, आधी घरोघर जाऊन कानावर घालायचं — ही आमची रीत. टोकियोला विमा कंपनीत होते तेव्हा तिला हसायचे. आता आठ दिवस तीच करतेय. दहा प्रमुखांच्या दारी दहा वेळा एकच वाक्य — चूक माझी आहे. नऊ जणांनी चहा दिला. कुवानो-साननीही दिला, पण नजर उचलली नाही.

शेवटी नोगामी-सान. ते खिडकीबाहेरच्या बर्फाकडं बघत म्हणाले, "यादी खोटी, तर मग तुम्हाला नेमलं कशाला?"

माझी नेमणूकही मार्चअखेरच संपते. दोघांनाही ते ठाऊक आहे.

म्हटलं, "लोक मला खरं सांगतील असं काहीतरी करायला. मोजणं त्याच्यानंतर."

ते "हं" म्हणाले. या "हं"चा अर्थ लावायला वेगळं खातं काढावं लागेल.

२० फेब्रुवारी

बैठक. सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली. भीती वाटली, पण उभी राहिल्यावर आवाज फुटला. यादी आजपासून बंद. येईल त्या प्रत्येक कार्डाला मी स्वतः हातानं उत्तर लिहिणार.

मिनातो बंद करायच्या कागदावर नोगामी-साननी सही केली नाही, पण तो फाडलाही नाही. "मार्चअखेरपर्यंत थांबतो. बाकीची घरंही लिहायला लागली, तर मिनातो वाईट नाही हे मानीन. नुसतं मिनातोच लिहीत राहिलं, तर तुमचं बोलणं हवेत."

१ मार्च

नऊ दिवसांत नऊ कार्डं. नऊही मिनातोची.

११ मार्च

दुसऱ्या दोन घरांतून पाच आली! एकावर नाव खोडून पुन्हा लिहिलेलं. धीर व्हायला वेळ लागला असणार बिचारीला. मी उत्तर लिहिलं, "लिहिल्याबद्दल आभार. गादी उद्या बदलतोय." मग स्वतः भांडून गादी बदलवली. आकडेवाली बाई गाद्या वाहते! पण बरं वाटलं, खरंच.

२२ मार्च

आता सहा घरं लिहितात. काशिनोकीहून अजून एकही नाही. नोगामी-सान रोज विचारतात, "शून्य बोललं का?"

त्सुजी आजींना फोन केला. घंटा वाजवते म्हणाल्या. खरं का खोटं देव जाणे.

२९ मार्च

काशिनोकीहून कुरिअरनं खोकं आलं. आत एकशे सदतीस कार्डं. तारखा बघितल्या — नोव्हेंबरपासून कालपर्यंत! मुलींनी लिहिणं एक दिवसही थांबवलं नव्हतं, नुसतं पाठवणं थांबवलं होतं. वर कुवानो-सानची चिठ्ठी, "फेकून द्यायचा धीर झाला नाही." नोगामी-सान खोकं घेऊन बसलेत. मिनातोचा कागद त्यांनी मघाशीच फाडला. आता एकेक कार्ड मोठ्यानं वाचतायत, आणि मी ऐकतेय.