डाव्या दांड्याची पुढची जागा

प्रिय लेआंद्रो,

काल पंधरा ऑगस्ट. सणाच्या मिरवणुकीत मारियामातेची मूर्ती न्यायला यंदा सहाच खांदेकरी जमले. निदान सात तरी हवेत. डाव्या दांड्याची पुढची जागा, तुझी, रिकामीच होती. तू बाबांशी भांडून बार्सिलोनाला गेलास, तेव्हापासून बाबांनी ती एकवीस वर्षं कुणाला दिली नाही. "येईल तो," म्हणायचे.

फोनवर तू विचारायचास, "बाबा माझं नाव काढतात का गं?" मी म्हणायचे, "नाही." तू गेलास, म्हाताऱ्यांचं सगळं माझ्या अंगावर पडलं, त्याचा राग होता. हिवाळ्यात बाबांच्या मातीला तू परक्यासारखा मागे उभा राहिलास, तेव्हाही मी गप्प बसले.

काल त्या जागेवर मी उभी राहिले. प्रिमितिवा म्हातारी ओरडली, "कासिल्दा, माता पाडलीस तर पुढच्या वर्षी मखरात तुलाच बसवू!" सगळे हसले. बँड सुरू झाला आणि मेणाचा, सब्जाच्या पानांचा तोच वास आला. लहानपणी आपण दोघं मूर्तीखाली लपून अख्खं गाव फिरायचो, आठवतं? चौकात पोचेपर्यंत माझा खांदा सोलून निघाला. मी रडत होते. लोकांना वाटलं, भक्तीनं.

हे पत्र घेऊन दोनदा टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. असलं काही तू एकट्यानं वाचू नयेस. उद्याच्या बसने मीच येते आणि तोंडानं सांगते. मग दार लावून घेतलंस तरी चालेल.

तुझ्याशी खोटं बोललेली,
कासिल्दा