मतं अल रय्यानमध्ये ठरली

सितारा, सलाम.

मी बरा आहे, खोकलाही थांबला. तुझा घसा कसा आहे? प्रचारात ओरडून बोलू नकोस.

हे फोनवर सांगवलं नसतं. पत्र गावच्या कुणाकडे न देता सुट्टीवर निघालेल्या वसईच्या डेरिलकडे देतोय, तो मुंबईत पोस्टात टाकेल.

तू झेडपीला उभी राहिलीस आणि बायकांनी आपलं मत आपण ठरवावं म्हणालीस, ते इथे आखातातही पोचलं. शुक्रवारी नमाजनंतर गावची मंडळी अल रय्यानला जमली. जमातीचा उमेदवार ठरला. मग नेहमीसारखा एकेकाने घरी फोन लावून मत कुणाला द्यायचं ते सांगितलं, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. सगळ्या बायका "बरं" म्हणाल्या. तुझ्या सभेत पुढे बसणारी हिबासुद्धा.

माझी पाळी आली तेव्हा मी अम्मीला लावला. वाटलं, ती तरी सुनेची बाजू घेईल. ती म्हणाली, "सितारा आपलीच आहे रे, पण माझ्या मय्यतीला खांदा जमातच देणार."

तिच्यावर रागावू नकोस. गोळ्या वेळेवर घेते ना?

तू निवडून येशील असं मला आता वाटत नाही. मतमोजणीला एकटी जाऊ नकोस. स्वतःचं मत तेवढं स्वतःला दे. मी तिथे असतो तर दोन झाली असती.

तुझाच,
कमाल