आधी शेत, मग इंजिन

३ मार्च
ग्लायडर उडवायला शिकवायच्या नोकरीवर आलो एकदाचा! खोली बेकरीच्या वर, त्यामुळे पावाचा वास फुकट. बेकरीवाल्या काकांची मुलगी माझीच विद्यार्थिनी निघाली. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी ठरत नाही. सामान वर चढेपर्यंत तिने मला दादा करूनही टाकलं. मोटर ग्लायडर झकास आहे. इंजिनावर वर जायचं, ते बंद करून घारीसारखं तरंगायचं, उंची सरली की पुन्हा चालू करायचं. इथला एक दंडक आहे: हवेत इंजिनाला हात लावण्याआधी खाली उतरण्याजोगं शेत हेरायचं आणि रेडिओवर 'शेत धरलं' म्हणायचं. इंजिन रुसलं तर तेच शेत आपलं. तळावरच्या मेकॅनिकने हे मला पुन्हा पुन्हा बजावलं. जसं काही मी कालचं पोर!

१९ मार्च
भिंगरी पुढे, मी मागच्या सीटवर. गप्पांच्या नादात उंची गेली. मी खाली न बघताच 'शेत धरलं' म्हणून टाकलं आणि इंजिन चालू करायला लावलं. झटक्यात लागलं. तिने मान वळवून विचारलं, दादा, कोणतं? मी म्हणालो, अगं, ते नुसतं म्हणायचं असतं. दोघंही हसलो.

७ एप्रिल
भिंगरी गेली.
एकटी उडत होती. रेडिओवर 'शेत धरलं' म्हणाली, मी तळावर ऐकलं. इंजिन लागलं नाही. तिच्याखाली दूरवर नुसती झाडी होती.

९ एप्रिल
चौकशीत विचारलं, तिला काय शिकवलं होतं. मी म्हणालो, दंडक. दोष तिच्यावर गेला. संध्याकाळी काका वर आले, हात जोडून म्हणाले, पोरीने तुमच्या नावाला बट्टा लावला, माफ करा. गरम पाव ठेवून गेले. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तोंड मात्र उघडलं नाही.
नंतर उघडलं. पाव खाल्ला.

१४ एप्रिल
टेबलावरचा रेडिओ बंद. बॅटरी काढलेली. तरी खरखर झाली, आणि तिचा हसरा आवाज. दादा, कोणतं?

१६ एप्रिल
आता जिन्यातही. बेकरीत, अगदी मानेमागे. काकांना ऐकू येत नाही, ते विचारतात जेवलात का. त्यांना सांगायलाच हवं. उद्या —

१७ एप्रिल
नाही सांगितलं. मी माणूस आहे की कोण.

१८ एप्रिल, हवेत
दुसरं ग्लायडर तपासायला एकटाच. वही मांडीवर. इंजिन बंद. खाली शेतंच शेतं होती — आता प्रत्येकात तिच्या ग्लायडरचा मोडका पांढरा पंख पडलाय. उतरू कुठे —
मागच्या सीटचा पट्टा खटकन लागला. शिकवताना मी बसायचो त्या सीटचा.
उंची जातेय. मी निघालो तेव्हा काका तळावर पाव द्यायला आले होते, रेडिओजवळच असतील. ऐकतील. आत्ताच सांगतो, मीच तिला —
रेडिओचं बटण दाबलं. काका, म्हणायचं होतं. तोंडून निघालं — शेत धरलं.
मागून हसली. मानेला श्वास. दादा, कोण—